लोड हवेत आहे

शनिवारी दुपारी धाकटी घरी आली तेव्हा आई पॅसेजमध्ये स्टुलावर बसून मटार सोलत होती. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर सालींचा ढीग, पायाशी बशीने झाकलेला चहाचा कप.

"हा चहा कुणाचा?"

"बाबांचा."

"मग इथे जमिनीवर काय करतोय?"

"वाट बघतोय," आई म्हणाली. "मीही बघतेय. बाबा कामावर आहेत."

"आई, बाबा निवृत्त झालेत."

"म्हणून तर सगळा ओव्हरटाइम." आईने अंगठ्याने एक शेंग फोडली आणि दाणे तिच्या तळहातावर ओतले. "घे, कोवळे आहेत. उभी का अशी पाहुण्यासारखी? आतून खुर्ची आण."

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून कीबोर्डची खटखट येत होती, आणि मधूनच बाबांचा आवाज: "डावीकडून घ्या. सावकाश. मी सांगेपर्यंत पुलावर कुणी चढायचं नाही." कॉम्प्युटरवर रणगाड्यांची लढाई होती. कुठल्या कुठल्या घरांत बसलेली पोरं बाबांना काका म्हणत आणि त्यांच्या शब्दाबाहेर नसत. निवृत्तीनंतर बाबा नुसते भिंतीकडे बघत बसायला लागले, तेव्हा वेळ जावा म्हणून दादानेच तो कॉम्प्युटर आणून बसवला होता. वेळ गेला. आधी संध्याकाळ गेली, मग दुपार, मग जेवायची वेळ, मग आईबरोबर फिरायला जायची वेळ.

खेळ हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे. नातेवाइकांचा फोन आला की आई म्हणायची, "ते जरा कामात आहेत." सुरुवातीला ती हे हसून म्हणायची. पुढे पुढे हसणं गळून गेलं, वाक्य तेवढं राहिलं.

बाबांनी उभी हयात उंच क्रेनच्या केबिनमध्ये काढली होती. खाली मुंगीएवढी माणसं, समोर लांबलचक लोखंडी हात, हाताच्या टोकाला दोरावर लोंबणारं वजन. लोड हवेत असताना ऑपरेटरला हाक मारायची नाही, हा साइटवरचा नियम घरातही तसाच लागू होता. बाबा पेपर वाचत असले, दाढी करत असले, झोपलेले असले, तरी आई तोंडावर बोट ठेवून मुलांना म्हणायची, "लोड हवेत आहे." मुलं चवड्यांवर चालायची. त्यात गंमतही होती.

ह्या नियमामागे एक गोष्ट होती, आणि ती सांगायचा मक्ता आईचा. संसार नवा होता. आई डबा घेऊन साइटच्या फाटकाशी गेली आणि वर बघून तिने हात हलवला. बाबांनी केबिनमधून हात हलवला. तेवढ्यात सळयांचा गठ्ठा झोका खाऊन खालून हाताने खुणा देणाऱ्या सिग्नलवाल्याच्या खांद्यावर आदळला. माणूस वाचला, पण त्याचा तो हात पुन्हा कधी डोक्याच्या वर गेला नाही. फोरमन बाबांच्या मर्जीतला होता. म्हणाला, आपण सांगू की अचानक वारा आला. बाबा म्हणाले, "वारा नव्हता. मी नजर काढली." मग कितीतरी महिने ते खाली विटा वाहत होते, त्याच साइटवर, सगळ्यांच्या देखत.

मुलं ह्या गोष्टीवर वाढली. काचेचा ग्लास फुटला, गणितात मार्क कमी पडले, कुणी कुणाला चिमटा काढला, की आई कमरेवर हात ठेवून विचारायची, "काय, वारा होता का?" आणि मुलाने म्हणायचं असे, "नाही. मी होतो." तेवढं म्हटलं की शिक्षा नसायची. धाकटीला वाटायचं, जगातल्या सगळ्या घरांत असंच विचारत असतील. आईने स्वतः मात्र गोष्टीतून दुसरंच उचललं होतं. दर वेळी शेवटी ती आवाज उतरवून म्हणायची, "मी तेव्हा हात केला नसता तर."

"थांब, गरम करून देते त्यांना," म्हणत आता ती स्टुलावरून उठली, आणि उठताना भिंतीला धरून क्षणभर उभी राहिली.

"काय झालं?"

"काही नाही गं. पाठीत भरून आल्यासारखं होतंय. जिना चढले की दम लागतो. परवा पडदे धुतले ना सगळे."

"डॉक्टरकडे जाऊ या. आत्ता चल."

"आत्ता कुठे? सोमवारी नेतो म्हणालेत हे."

कप गरम करून आणून आईने मागच्या खोलीचं दार ढकललं. पॅसेजमधला उजेड आतल्या अंधारात शिरला आणि थेट कॉम्प्युटरच्या काचेवर पडला. बाबांची पाठ होती. कानांवर जाडजूड हेडफोन होते. मान न वळवता त्यांचा डावा हात वर गेला. पंजा उघडा, बोटं ताठ.

आई थांबली. कपातल्या चहावर तरंगसुद्धा उठला नाही, इतकी जागच्या जागी थांबली. मग तिने दार ओढून घेतलं, कप पुन्हा खाली ठेवला, बशी झाकली आणि स्टुलावर बसली.

"बघितलंस? हाक मारायला लागतच नाही. उजेड पडला की कळतं त्यांना."

"मग टेबलावर ठेवून यायचंस."

"पंजा वर असताना?" आईने असं विचारलं, जणू लेक तिला टांगत्या सळयांखालून जायला सांगत होती.

साइटवरच्या खुणा बाबांनी मुलांना जेवणाच्या टेबलावर चमच्यांनी शिकवल्या होत्या. उचला, उतरवा, डावीकडे, उजवीकडे. ह्या खुणा फक्त सिग्नलवाल्याने द्यायच्या. एकच खूण अशी, की ती कुणीही द्यावी, झाडूवाल्यानेसुद्धा, आणि दिसली की ऑपरेटरने का म्हणून न विचारता हात काढून घ्यायचे. उघडा पंजा. थांबा.

"तूच दाखव की एकदा पंजा," धाकटी म्हणाली. "कुणीही द्यावी ना ती खूण?"

आई हसली. "त्यांची पाठ असते माझ्याकडे. खालच्याची खूण वरच्याला दिसायला नको का?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून दूरवर एक क्रेन दिसत होती. काम संपलं की क्रेनचा हात करकचून बांधत नाहीत, मोकळा सोडतात, वाऱ्याबरोबर फिरू देतात. बांधला तर वादळात मोडतो. पूर्वी संध्याकाळी आई ह्याच खिडकीतून बाबांच्या क्रेनकडे डोळे लावून उभी असायची आणि हात मोकळा फिरताना दिसला की गॅसवर आधण ठेवायची. चहा होईपर्यंत जिन्यात पावलं वाजायची.

"आता काही अंदाज लागत नाही," मटारांचं भांडं ओट्यावर ठेवता ठेवता आई म्हणाली. "ह्यांचा हात कधी मोकळा सुटेल त्याचा." आणि लगेच, विषय मोडून, "तुझ्यासाठी लोणी काढून ठेवलंय. विसरशील."

धाकटी मुद्रितशोधक होती. दुसऱ्यांच्या चुका समासात पेन्सिलीने दाखवायच्या आणि आपण गप्प राहायचं, ह्यावर तिचं पोट चालत होतं. निघताना ती त्या लोटलेल्या दारासमोर थांबली. आत बाबा म्हणत होते, "शाब्बास. कुणालाही मागे सोडायचं नाही." तिने ओठ उघडले आणि मिटले. लोण्याचा डबा घेऊन ती जिना उतरली.

रविवारी संध्याकाळी दादाचा फोन आला. आई पॅसेजमधल्या स्टुलावर, भिंतीला डोकं टेकून, बसल्या बसल्या गेली होती.

*

सगळे जमायला पुढचा रविवार उजाडला. बाबांचं काय करायचं हे ठरवायचं होतं. तसं कुणी म्हणत नव्हतं. सगळे म्हणत होते की एकदा बसायला हवं.

बसले. दादा मधल्या खुर्चीवर. त्याचं औषधांचं दुकान होतं आणि घरात कुणालाही काही झालं की शेवटचा शब्द त्याचा असे. त्याच्या शेजारी वहिनी, मांडीवर पर्स घेऊन, कधीही उठावं लागेल अशी. सोफ्यावर आत्या, बाबांची मोठी बहीण. जन्मभर मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर असल्याने तिचा साधा आवाजही मजल्याच्या टोकापर्यंत जायचा. दाराजवळ मामा, आईचा धाकटा भाऊ. बायकांचे कपडे शिवायचा. त्याच्या शर्टाच्या खिशाला आजही दोन टाचण्या टोचलेल्या होत्या. धाकटी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिथून डावीकडे सगळे दिसत आणि उजवीकडे पॅसेज. स्टूल तिथेच होतं.

बाबा खिडकीशी बसले होते, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. दादाने कॉम्प्युटर बंद करून त्यावर चादर टाकली होती. तेव्हापासून बाबा जेवत होते, विचारलं तर उत्तर देत होते, अंघोळीला जा म्हटलं की जात होते. फक्त उजव्या हाताची तर्जनी अधूनमधून खुर्चीच्या लाकडावर टकटक करायची. मग ते दुसऱ्या हाताने ती दाबून धरायचे.

"माझ्या ताईला ह्या माणसानं मारलं," मामा म्हणाला. "दाजी समोर बसलेत म्हणून मी गिळून टाकणार नाही."

"तोंड सांभाळ," आत्या म्हणाली. "हृदय होतं ते. तुझी शिलाई नव्हे, की उसवली आणि पुन्हा टीप मारली."

"उसवतच चालली होती ती! एका घरात राहत होते ना? बाई भिंत धरून चालते, दिसत नाही माणसाला?"

"तुला दिसलं?"

"मी इथे नव्हतो."

"तेच म्हणतेय मी."

"आत्या, जरा थांब," दादा म्हणाला. तो दुकानात गिऱ्हाइकाला समजावताना बोलतो तसा बोलायला लागला. "मामा, हा आजार आहे. दारूसारखाच. डॉक्टरसुद्धा आता आजारच मानतात ह्याला. मेंदूला सवय लागते आणि मग ते माणसाच्या हातात राहत नाही."

"हातात राहत नाही? सगळं हातातच तर होतं. दिवसभर."

वहिनीने पर्सची चेन उघडली, मिटली. "मामा म्हणतात त्यात अगदीच काही नाही असं नाही," ती हळूच म्हणाली. "आईंना मी कितीदा म्हटलं, तुम्ही एकट्या किती करणार. बाबांनी निदान एवढं तरी बघायला हवं होतं."

दादाने तिच्याकडे बघितलं. बायको भर सभेत पलीकडच्या बाकावर जाऊन बसली, हे त्याला अनपेक्षित होतं. पण आत्याने आयुष्यभर भांडणाऱ्या मुली बघितल्या होत्या.

"बरं. समजा, दोष त्याचा," आत्या म्हणाली. "मग शिक्षा म्हणून ह्या घरात एकट्याला कोंडायचं का? म्हातारा माणूस. मुलगा आहे, सून आहे. घेऊन जा तुमच्याकडे. डोळ्यांसमोर ठेवा. शिस्त लावा."

टकटक ऐकू आली आणि थांबली.

"नाही, म्हणजे," वहिनी म्हणाली, "आजार असेल तर उपचारच व्हायला हवेत ना. ते व्यसनमुक्ती केंद्र चांगलं आहे म्हणतात. बाग आहे. घरी आपण काय करणार? आपल्याला त्यातलं कळतं थोडंच?"

धाकटीला दिसत होतं. बाबा आजारी ठरले तर केंद्रात जाणार होते. दोषी ठरले तर दादाच्या घरी. वहिनी वाईट नव्हती. आईच्या शेवटच्या साड्या तिनेच हातांनी धुवून घड्या केल्या होत्या. पण एका वाक्यात ती बाक बदलून परत नवऱ्याशेजारी येऊन बसली, आणि दादाचे खांदे सैल झाले.

"केंद्रबिंद्र काही नको," आत्या म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील उपचार घेतोय."

"लोक म्हणतील वेडा झाला. माझा भाऊ आजारी आहे, वेडा नाही."

"आजारी! आजारी!" मामा उठून उभा राहिला. "एक माणूस आत बसतो, एक माणूस बाहेर मरतो, आणि तुम्ही सगळे मिळून आतल्याच्या कपाळावर हात ठेवून ताप बघताय! दादा, तू सांग. तू मोठा. तुझी आई होती की नाही ती?"

दादाचा चेहरा पांढरा पडला. धाकटीला वाटलं, आता तो म्हणेल. तो कॉम्प्युटर मी आणला. ती पेटी मी ह्याच दारातून आत ओढली, वायरी मी जोडल्या, पहिल्या दिवशी बाबांच्या मागे उभा राहून मी त्यांना शिकवलं आणि ते जिंकले तेव्हा टाळ्या मीच वाजवल्या. लहानपणी कपाट उघडं राहिलं तरी तो सगळ्यांत आधी ओरडायचा, नाही, मी होतो.

"मामा, तुम्ही शेवटचे कधी आला होतात इथे?" दादा म्हणाला.

मामाने दाराकडे बघितलं.

"आई फोन करायची तुम्हाला. मी असायचो कधी कधी इथे. तुम्ही काय म्हणायचात? 'गिऱ्हाईक आहे, नंतर करतो.' किती वेळा केलात नंतर?"

"मशीन चालू असलं की…" मामा म्हणाला. "लग्नसराई होती." त्याने खिशावरची एक टाचणी काढली, बघितली, पुन्हा टोचली. मग बसला. खाली बसताना तो एकदम त्याच्या वयाचा दिसायला लागला. म्हणाला, "हृदयाचं काही सांगता येत नाही म्हणा. आमचे वडीलही असेच बसल्या जागी गेले."

"तेच," दादा लगेच म्हणाला. "डॉक्टर तेच म्हणाले. काही करता आलं नसतं."

डॉक्टर हे म्हणाले तेव्हा धाकटी दादाच्या शेजारी उभी होती. ते म्हणाले होते, लगेच आणलं असतं तर काही करता आलं असतं, कदाचित आलं नसतंही. अर्धं वाक्य दादाने गाळलं होतं. छापून आलेल्या मजकुरातून असं अर्धं वाक्य गळलं तर ती पानाच्या कडेला खूण करते. इथे पानाला कडाच नव्हती.

"तूच बोल रे आता," आत्या भावाकडे वळली. तिचा आवाज मऊ झाला होता. "सगळे तुझ्याबद्दल बोलताहेत आणि तू त्या खिडकीतून काय बघतोयस? तुला काही कळलं होतं का त्या दिवशी? सांग, म्हणजे ह्यांची तोंडं बंद होतील."

बाबांनी मान वळवली. एकेकाकडे बघत त्यांची नजर धाकटीपर्यंत आली आणि तिथे थांबली. तिच्याही नकळत तिचे ओठ ते दोन शब्द जुळवू लागले, लहान मुलाला शाळेच्या स्टेजवर पुढची ओळ सांगावी तसे. म्हणा, बाबा. मी होतो. एवढंच म्हणायचं असतं. त्यानंतर आपल्या घरात शिक्षा नसते.

बाबांनी नजर काढली.

"कानाला ते लावलेलं होतं," ते म्हणाले. "मला काही ऐकू आलं नाही."

"झालं!" दादा म्हणाला. "ऐकलंत?"

"बिचारा," आत्या म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. "त्या मेल्या खेळानं घात केला."

"खेळच तो," मामा म्हणाला. "कुणी काढला असेल कुणास ठाऊक."

"बंदी घालायला हवी असल्या खेळांवर," वहिनी म्हणाली.

आई गेल्यावर कुठे त्या घरात खेळ हा शब्द पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला गेला. इतकी वर्षं बाबांना झाकायचं म्हणून जो कुणी उच्चारला नाही, तो आज त्यासाठीच कामाला आला. बाबांच्या वाक्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. हेडफोन होते. ऐकू आलं नसणार. ते खोटं बोलले नव्हते.

मग सगळं भराभर सुटत गेलं. परवा दादा बाबांना केंद्रात नेणार. आत्या दर आठवड्याला भेटायला जाणार. मामा घर बंद असेपर्यंत कुंड्यांना पाणी घालणार; त्याने ते स्वतः मागून घेतलं. वहिनीने चहा टाकला. खोलीतला ताण असा उतरला की कुणीतरी पंखा वाढवला, आत्याने बिस्किटं विचारली. मामाने भिंतीवरच्या आईच्या फोटोतल्या ब्लाउजकडे बोट दाखवून म्हटलं, "हा मी शिवलेला. बाही तिला आवडली नव्हती. म्हणाली, फुग्यासारखी दिसते." त्यावर सगळे हसले, आणि हसता हसता मामा रडला, आणि आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आता कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं.

"मी जरा पडतो," बाबा म्हणाले आणि उठून मागच्या खोलीत गेले.

वहिनी पॅसेजमधून येताना स्टुलाला अडखळली. "हे मध्येच येतं. गॅलरीत ठेवू का?"

"ठेव," दादा म्हणाला. "आई इथे का बसली होती कोण जाणे. दम लागला असेल, टेकली असेल."

"हवा येते तिथे," आत्या म्हणाली.

धाकटीने पुढे होऊन स्टुलावर हात ठेवला. "राहू दे," ती म्हणाली. त्या अख्ख्या दुपारी ती पहिल्यांदा बोलली होती. वहिनीने मान डोलावली, तिला वाटलं आठवण म्हणून.

तेवढ्यात आतून आवाज आला. आधी कॉम्प्युटर सुरू होतानाची बारीक घरघर, मग खटखट.

सगळ्यांनी ऐकलं. दादाने कपात बघितलं. मामाने टाचणीला हात लावला.

"परवा जायचंच आहे ना," दादा म्हणाला. "आता दोन दिवसांनी काय होतंय."

"तेवढंच मन रमेल," आत्या म्हणाली. "काय कमी सोसलंय त्यानं ह्या आठवड्यात?"

वहिनीने एक कप धाकटीच्या हातात दिला. "बाबांना देऊन येतेस?"

तो कप घेऊन ती पॅसेजमध्ये गेली. तिच्या मनात शंकेला अजून जागा होती. शनिवारी जे दिसलं ते रविवारीही झालंच असेल असं कशावरून? आईला खरंच दम लागला असेल. खरंच टेकली असेल. दारापर्यंत पोहोचलीच नसेल. ह्या जागेला ती आठवडाभर घट्ट धरून होती, आणि तिला कळत होतं की बाहेरच्या खोलीतले सगळेही अशीच एकेक जागा धरून बसले आहेत.

तिने दार ढकललं. उजेड आत गेला, काचेवर पडला. चादर जमिनीवर पडलेली होती.

हेडफोन लावलेल्या बाबांचा डावा हात वर गेला. पंजा उघडा, बोटं ताठ.

धाकटीचे पाय थांबले. तिने थांबवले नव्हते. लहानपणापासून चवड्यांवर चाललेले पाय होते ते, आपले आपणच थांबले. आई अशी थांबली होती. पाठीत कळ घेऊन, कदाचित घाम पुसत, एक शब्द सांगायला दारापर्यंत आली होती, आणि तो शब्द न सांगता दार ओढून घेऊन स्टुलावर बसली होती. पंजा खाली येण्याची वाट बघत. बाबांना ऐकू येण्याची गरज कधी पडलीच नव्हती.

तिने कप खाली ठेवला, स्टुलाच्या पायाशी. आईच्या सवयीने बशी शोधली. मग ती आत गेली. वर केलेल्या हाताखालून, टेबलाला वळसा घालून, बाबा आणि काच ह्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बाबांचा डावा हात पुन्हा कीबोर्डवर आला आणि ते तिच्या खांद्यावरून पलीकडे बघायला वाकले.

तिने उजवा हात त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. उघडा पंजा.

बाबांचे दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले गेले. का म्हणून न विचारता, त्याच क्षणी. हयातभराची सवय होती ती, आजारापेक्षा जुनी. आईला ही खूण समोरून द्यायला मिळाली असती, एकदाच, तर त्यांनी हात काढून घेतले असते. हे धाकटीला आत्ता कळलं.

हेडफोनमधून बारीक आवाज येत होते. "काका? काका, थांबलात का? काका, पुलावर आहोत आम्ही."

तिने हेडफोन त्यांच्या कानांवरून काढले.

"धाकटे," बाबा म्हणाले. त्यांचे हात अजून हवेतच होते. "एवढं संपू दे. पोरं अडकलीत. लोड हवेत आहे."

बाहेरच्या खोलीत कपबशा वाजायच्या थांबल्या. दादाने तिथूनच विचारलं, "काय चाललंय?" कुणी उठलं नाही.

"उजेड पडला होता," धाकटी म्हणाली. आवाज तिला स्वतःला अनोळखी वाटला. आत्याच्या आवाजासारखा तो भिंतींना लागून घराच्या टोकापर्यंत गेला. "आई दार उघडून उभी होती. तुम्हाला दिसलं. तुम्ही पंजा दाखवलात, म्हणून ती जाऊन स्टुलावर बसली."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर तिच्या खांद्यावरून काचेकडे सरकायला लागली, आणि तिने दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरून स्वतःकडे वळवला.

"वारा नव्हता, बाबा," ती म्हणाली. "वारा नव्हता."